एअर फिल्ट्रेशनमध्ये संशोधन करायचं आहे: पीएचडी, फिल्टर कंपनी की प्रक्रिया अभियांत्रिकी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण झालं, प्रोजेक्टमध्ये इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च दाबाच्या विजेने पॉलिमरचे अतिबारीक तंतू ओढून, नॅनोफायबरचा पडदा तयार केला, त्याची हवेतले कण अडवण्याची कार्यक्षमता ९९.९ टक्के आली. आता त्याच मटेरियलवर पीएचडी करावी, फिल्टर बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागात जावं, की कारखान्यांच्या धूळ-धूर नियंत्रणाकडे वळावं?

या तीन वाटा वेगळ्या दिसतात, पण सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत शिकायचं ते बरंचसं सारखंच आहे. मटेरियल दर काही वर्षांनी बदलतं. आज नॅनोफायबर आहे, उद्या दुसरं काही येईल. ज्याला फिल्टर नीट मोजता येतो आणि तो प्रत्यक्ष प्रक्रियेत बसवल्यावर काय होईल हे सांगता येतं, त्याला तिन्ही ठिकाणी काम मिळतं. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा बदलून घेतो: कोणतं कौशल्य आधी पक्कं करायचं, आणि ते कुठे नीट शिकायला मिळेल?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. ज्या प्रयोगशाळेत जायचं तिथे कोणती उपकरणं आहेत, मार्गदर्शक प्रत्यक्ष प्लांटवर जाऊ देतात का, चार-पाच वर्षं कमी उत्पन्नावर काढणं जमेल का, आणि तुमचा कल बारीक प्रयोगांकडे आहे की मोठ्या यंत्रणांकडे. बाकीचं मात्र बरंच स्पष्ट सांगता येतं.

आधी तुमच्या ९९.९ टक्क्यांकडे पाहू. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. किती मोठ्या कणांसाठी? मीडियातून, म्हणजे गाळणाऱ्या थरातून, हवेचा वेग किती होता? प्रेशर ड्रॉप, म्हणजे थर ओलांडताना घटणारा हवेचा दाब, किती? तंतूंवर विद्युतभार होता का? तंतूंचा फिल्टर चाळणीसारखा काम करत नाही, त्याची छिद्रं अडवल्या जाणाऱ्या कणांपेक्षा बरीच मोठी असतात. साधारण अर्ध्या मायक्रॉनहून मोठे कण जडत्वामुळे किंवा तंतूला घासून जाताना अडकतात. ०.१ मायक्रॉनहून लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूवर आदळतात. मधल्या पट्ट्यात दोन्ही यंत्रणा दुबळ्या पडतात, त्यामुळे भार नसलेल्या मीडियात सर्वाधिक निसटणारे कण बहुधा ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे असतात. तंतू बारीक केले किंवा वेग वाढवला की हा आकार आणखी खाली सरकतो. युरोपीय आणि आयएसओ पद्धतीत हेपा, म्हणजे अतिशय कार्यक्षम, फिल्टरची श्रेणी याच सर्वाधिक निसटणाऱ्या आकारावर ठरते: युरोपीय नावांत एच १३ साठी ९९.९५ टक्के, एच १४ साठी ९९.९९५ टक्के. अमेरिकेतली जुनी, रूढ व्याख्या ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के अशी आहे. तुम्ही २ मायक्रॉनच्या कणांवर मोजलं असेल तर ९९.९ टक्के ही फारशी मोठी गोष्ट नाही.

ही झाली पहिली अट, कणाच्या आकाराची. दुसरी अट प्रेशर ड्रॉपची. दोन मीडियांची तुलना करायची तर पेनिट्रेशनचा, म्हणजे निसटलेल्या कणांच्या अंशाचा, नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, त्याचं ऋण चिन्ह काढा आणि पास्कलमधल्या प्रेशर ड्रॉपने भागा. याला क्वालिटी फॅक्टर म्हणतात. समजा एक मीडिया ५० पास्कलला ९९ टक्के देतो: ४.६ भागिले ५०, म्हणजे ०.०९२. दुसरा १२० पास्कलला ९९.९ टक्के देतो: ६.९ भागिले १२०, म्हणजे ०.०५८. कागदावर दुसरा भारी वाटतो. पण पहिल्याचे दोन थर एकावर एक ठेवले तर, त्याच आकाराच्या कणांसाठी, १०० पास्कलला ९९.९९ टक्के मिळतात. म्हणजे कमी दाबात दसपट कमी कण निसटले. नॅनोफायबरवरचा कोणताही शोधनिबंध वाचताना हा हिशेब समासात करून पाहण्याची सवय लावा. लेखकांनी नुसता थर जाड करून कार्यक्षमता वाढवली आहे की काही नवं साधलं आहे, ते लगेच कळतं.

तिसरी अट वेगाची, आणि इथे नवे लोक हमखास गोंधळतात. ६१० बाय ६१० मिलिमीटरच्या चौकटीतून ताशी ३४०० घनमीटर हवा जात असेल तर चौकटीसमोरचा वेग सेकंदाला अडीच मीटर असतो. पण आत घड्या घालून १८ चौरस मीटर मीडिया बसवलेला असेल तर मीडियातून जाणारा वेग फक्त ५.२ सेंटिमीटर असतो. प्रयोगशाळेत १०० चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यातून मिनिटाला ३२ लिटर हवा ओढतात तेव्हा वेग ५.३ सेंटिमीटर येतो, म्हणून ही चाचणी इतकी रुळलेली आहे. मास्कसाठी मिनिटाला ८५ लिटर प्रवाह आणि साधारण १५० चौरस सेंटिमीटर क्षेत्र धरलं तर वेग नऊ सेंटिमीटरच्या पुढे जातो. कारखान्यातल्या पल्स-जेट बॅग फिल्टरमध्ये (हवेच्या झोताने झटकल्या जाणाऱ्या कापडी पिशव्या) बहुधा मिनिटाला १ ते १.५ मीटर, म्हणजे सेकंदाला १.७ ते २.५ सेंटिमीटर. कोणत्या वापरासाठी मीडिया करताय ते ठरल्याशिवाय चाचणीचा वेग ठरवता येत नाही.

आता मोजमापाचं बघू. माझ्या मते या क्षेत्रात संशोधक घडतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चाचणीची मांडणी अशी असते: मिठाच्या द्रावणाचे बारीक थेंब फवारणारा ॲटोमायझर, मग सिलिका जेलचा ड्रायर, मग न्यूट्रलायझर, मग स्वच्छ कोरड्या हवेत मिसळण्याची जागा, मग सँपल होल्डर, आणि होल्डरच्या आधी व नंतर कणमोजणी. यातला न्यूट्रलायझर सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ॲटोमायझरमधून निघणाऱ्या कणांवर भरपूर विद्युतभार असतो. तो समतोलावर आणला नाही तर कण तंतूंकडे आपोआप ओढले जातात आणि कार्यक्षमता फुगते. तुमच्या मांडणीत न्यूट्रलायझर नसेल तर ९९.९ हा आकडा बाजूला ठेवून पुन्हा मोजा. ड्रायर ओला झाला असेल तर थेंब न सुकता पुढे जातात आणि कणांचा आकार बदलतो, म्हणून होल्डरपाशी आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आहे का ते प्रत्येक वेळी नोंदवा.

सँपल लावण्याआधी तीन तपासण्या करायच्या. होल्डर रिकामा ठेवून आधीची आणि नंतरची मोजणी घ्या. प्रत्येक आकारासाठी दोन्हींचं गुणोत्तर एकच्या जवळ यायला हवं. नाही आलं तर नळ्यांमध्ये कण हरवत आहेत किंवा दोन काउंटर जुळत नाहीत. हे गुणोत्तर पुढे सगळ्या मोजणीत दुरुस्ती म्हणून वापरायचं. मग होल्डरमध्ये हेपा मीडिया लावून नंतरची मोजणी शून्याच्या आसपास येते का बघायचं. येत नसेल तर बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे. शेवटी रिकाम्या होल्डरचा प्रेशर ड्रॉप वेगवेगळ्या प्रवाहांना मोजून ठेवायचा आणि सँपलच्या रीडिंगमधून वजा करायचा. वजाबाकीनंतर प्रेशर ड्रॉप आणि वेग यांचा आलेख शून्यातून जाणारी सरळ रेषा यायला हवा. तो वर वाकत असेल तर होल्डरची किंवा दाबनळ्यांची चूक अजून शिल्लक आहे.

मोजणीची आकडेवारी हाही असाच विषय. कणमोजणीतली अनिश्चितता मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. फिल्टरनंतर ४ कण मोजले तर चूक ५० टक्के, १०० मोजले तर १० टक्के. ९९.९ टक्के कार्यक्षमतेच्या मीडियानंतर १०० कण मोजायचे तर आधी १ लाख कण जायला हवेत. एच १३ साठी २ लाख, एच १४ साठी २० लाख. मग एरोसॉल (चाचणीच्या कणांनी भरलेली हवा) दाट करावासा वाटतो, पण तसं केल्यावर आधीच्या बाजूचा काउंटर दोन कणांना एक समजतो, आधीची संख्या कमी येते आणि चांगला फिल्टर वाईट दिसतो. त्यासाठी एरोसॉल ठरावीक प्रमाणात विरळ करणारा डायल्यूटर लागतो, आणि डायल्यूटरचं प्रमाण कणाच्या आकारानुसार बदलतं का तेही तपासावं लागतं. साधा उपाय म्हणजे नंतरच्या बाजूला जास्त वेळ मोजणं.

इलेक्ट्रोस्पिनिंगच्या पडद्यांची एक खास अडचण आहे: थर असमान असतो आणि कुठे तरी सूक्ष्म भोक राहतं. भोक आहे की मीडियाच दुबळा आहे हे ओळखायला पेनिट्रेशनचा आलेख कणाच्या आकारासमोर काढा. निरोगी मीडियात मध्ये उंचवटा दिसतो आणि दोन्ही बाजूंना तो झपाट्याने खाली येतो. भोकातून किंवा गास्केटच्या कडेने गळती असेल तर ३० नॅनोमीटरचे आणि १ मायक्रॉनचे कण जवळपास सारख्याच प्रमाणात निसटतात आणि आलेख एका पातळीवर अडकून बसतो. हा आलेख पाहिला की दहा मिनिटांत निदान होतं. नुसत्या सरासरी टक्क्यावर काम केलं तर महिनोन्महिने मटेरियल बदलत बसाल.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो सगळेच जोडतात. त्यापुढे एक पाऊल जा. मीडियाची जाडी, भरणघनता (तंतूंनी व्यापलेला घनफळाचा अंश) आणि मोजलेला प्रेशर ड्रॉप, तंतूव्यास आणि रोध यांची सांगड घालणाऱ्या डेव्हिसच्या सूत्रात घाला आणि प्रभावी तंतूव्यास काढा. तो फोटोतल्या व्यासापेक्षा बराच मोठा आला तर तंतू एकमेकांना चिकटून जुड्या झाल्या आहेत. व्यास २०० नॅनोमीटरच्या खाली असेल तर आणखी एक परिणाम धरावा लागतो. नेहमीच्या दाब-तापमानाला हवेच्या रेणूंचा दोन टकरींमधला सरासरी प्रवास सुमारे ६६ नॅनोमीटर असतो, त्यामुळे इतक्या बारीक तंतूवर हवा पूर्ण न थांबता घसरत जाते आणि रोध कमी होतो. हाच नॅनोफायबरचा खरा फायदा. कुवाबाराचं १९५९ चं सेल मॉडेल (तंतूंभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचं गणिती मॉडेल) घसरणीची दुरुस्ती जोडून घेऊन हा हिशेब आधी कागदावर करा आणि मग प्रयोगाशी ताडून बघा. दोन्हींत फरक कुठे पडतो आणि का, यातूनच प्रबंधाचे चांगले प्रश्न निघतात.

विद्युतभाराचा मुद्दा वेगळा काढतो, कारण बाजारातले पुष्कळ मेल्टब्लोन (वितळलेलं पॉलिमर गरम हवेने फुंकून केलेले) मीडिया त्यावरच उभे आहेत. भारित तंतू कमी प्रेशर ड्रॉपमध्ये चांगली कार्यक्षमता देतात, पण तेलकट कण, सॉल्व्हंटची वाफ आणि साचणारी बारीक धूळ यांनी तो परिणाम घटत जातो. म्हणूनच २०१६ च्या आयएसओ १६८९० मानकात फिल्टरला २४ तास आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून पुन्हा मोजतात आणि आधीची व नंतरची दोन्ही कार्यक्षमता विचारात घेतात. तुमचा पडदाही स्पिनिंगच्या उच्च दाबाच्या विजेतून तयार झाला आहे, म्हणजे त्यावर भार उरलेला असणं अगदी शक्य आहे. हीच चाचणी त्यावर करा. कार्यक्षमता ९९.९ वरून ९५ वर आली तर तुम्ही बारीक तंतूंचं श्रेय विद्युतभाराकडून उसनं घेत होता. तसं निघालं तरी तो निष्कर्षच आहे, लपवू नका.

इथपर्यंत कोऱ्या फिल्टरबद्दल बोललो. प्रत्यक्षात फिल्टर कोरा थोडाच काळ असतो. धूळ बसू लागली की आधी खोलात साठते, मग वर थर धरते, आणि त्यानंतर तो थरच गाळण्याचं काम करतो. नॅनोफायबर पृष्ठभागावरच कण अडवतो, त्यामुळे थर लवकर धरतो आणि प्रेशर ड्रॉप चढतो. म्हणून हवेच्या झोताने वेळोवेळी झटकला जाणारा कार्ट्रिज (घड्या घातलेला नळकांड्यासारखा फिल्टर) ही त्याची चांगली जागा. महिनोन्महिने न झटकता चालणाऱ्या फिल्टरमध्ये त्याच्या आधी धूळ साठवणारा जाड थर लागतो. धूळ कोणती हेही तितकंच महत्त्वाचं. सारख्याच ग्रॅम धुळीत बारीक मिठाचे कण चाचणीच्या खडबडीत धुळीपेक्षा कितीतरी जास्त रोध करतात, तर तेल तंतूंवर पसरतं, आधी फारसं जाणवत नाही आणि मग एकदम दाब वाढतो. कोणत्या धुळीने भरला ते न सांगता दिलेलं फिल्टरचं आयुष्य निरुपयोगी असतं.

प्रेशर ड्रॉपला इतकं महत्त्व का, ते एका हिशेबात दिसेल. सेकंदाला १ घनमीटर हवा, १०० पास्कल जादा रोध, पंख्याची एकूण कार्यक्षमता ५० टक्के: २०० वॉट सतत. वर्षभरात १७५२ किलोवॉट-तास. अशी शेकडो फिल्टरं असलेल्या इमारतीत मीडियातले २० पास्कल कमी करणारा संशोधक खरोखर मोठं काम करतो.

आता प्रक्रिया अभियांत्रिकी. इथे फिल्टर हा एका साखळीतला एक टप्पा असतो, आणि तो मोडतो त्याची कारणं बहुतेकदा साखळीत दुसरीकडे असतात. बॅग फिल्टरचंच घ्या. पॉलिएस्टरच्या बॅगा कोरड्या वायूत साधारण १३० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात, पण गरम वाफ असेल तर रेणूसाखळ्या तुटून कापड ठिसूळ होतं. पीपीएस (पॉलिफिनिलीन सल्फाइड) १९० अंशांपर्यंत चालतं आणि ओलावा सोसतं, पण वायूत ऑक्सिजन आणि नायट्रोजन डायऑक्साइड जास्त असतील तर सडतं. पीटीएफई (टेफ्लॉन) २६० अंशांपर्यंत टिकतं. नुसतं तापमान पाहून कापड निवडलं की काही महिन्यांत बॅगा फाटतात आणि दोष पुरवठादारावर जातो. गंधकयुक्त इंधन असेल तर आम्लाचा दवबिंदू (ज्या तापमानाखाली वाफेचा द्रव होतो) पाण्याच्या दवबिंदूपेक्षा बराच वर, अनेकदा १२० ते १५० अंशांच्या पट्ट्यात असतो. प्लांट सुरू आणि बंद करताना वायू त्या पट्ट्यातून खाली-वर जातो आणि ओली धूळ कापडात कायमची बसते. बॅग वारंवार चोंदते अशी तक्रार आली की मी आधी तापमानाच्या नोंदी मागतो, कापड नंतर बघतो.

झटकण्याचंही तसंच. ठरावीक वेळाने झोत देत राहिलं तर धुळीचा उपयोगी थरही निघून जातो, प्रत्येक झोतानंतर उत्सर्जन क्षणभर वाढतं आणि कापड झिजतं. बहुतेक ठिकाणी प्रेशर ड्रॉप ठरलेल्या मर्यादेला पोचल्यावरच झोत देणं बरं. धूळ हलकी असेल तर बॅगांच्या मधून वर जाणारी हवा तिला खाली धूळ गोळा करणाऱ्या हॉपरमध्ये पडूच देत नाही, ती शेजारच्या बॅगेवर जाऊन बसते. अशा वेळी झोताचा दाब वाढवून काही होत नाही, तो कप्पा थोडा वेळ बंद ठेवून झटकावा लागतो.

चिमणीतली धूळ मोजताना नोझलमध्ये शिरणाऱ्या हवेचा वेग चिमणीतल्या वेगाइतका ठेवावा लागतो. जास्त जोराने ओढलं तर जड कण वळू न शकता सरळ पुढे निघून जातात आणि प्रमाण कमी दिसतं, हळू ओढलं तर जास्त दिसतं. प्रयोगशाळेतून आलेल्यांना हे पुस्तकातून ठाऊक असतं, पण हेलकावणाऱ्या प्रवाहात प्रत्यक्ष सांभाळण्याचा सराव वेगळा. शिवाय तंतूंचा फिल्टर वायू अडवत नाही. त्यासाठी स्क्रबर (वायू द्रवाने धुणारं यंत्र), सक्रिय कार्बन किंवा ज्वलन लागतं, आणि तिथे संपूर्ण प्रक्रियेचा वस्तुमान-ताळेबंद मांडता येणं ही पहिली अट आहे. केमिकल इंजिनिअर म्हणून हे तुम्हाला इतरांपेक्षा सोपं जाईल, आणि तुमची बाजू इथेच भक्कम आहे.

मग निवड कशी करायची? नव्या यंत्रणा समजून घ्यायची ओढ असेल आणि पुढे विद्यापीठात किंवा मोठ्या कंपनीच्या मूलभूत संशोधनात जायचं असेल तर पीएचडी करा, पण विषय "अमुक पॉलिमरचा नॅनोफायबर" असा घेऊ नका. "भरत जाणाऱ्या बारीक तंतूंच्या थरात प्रेशर ड्रॉप कसा वाढतो आणि झटकल्यावर किती परत येतो" असा घ्या. पॉलिमर जुना झाला तरी हा प्रश्न जुना होत नाही. मार्गदर्शक निवडताना प्रकाशनांच्या यादीइतकंच प्रयोगशाळेकडे बघा: नॅनोमीटरमधले कण आकारानुसार मोजता येतात का, न्यूट्रलायझर चालू आहे का, महिनाभर सलग धूळ भरण्याची सोय आहे का, जुन्या विद्यार्थ्यांच्या मोजणीत पुनरावृत्तीच्या नोंदी सापडतात का. सध्याच्या विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकांच्या अनुपस्थितीत बोला.

कंपनीत गेलात तर उत्पादन शिकाल: मेल्टब्लोनची लाइन, घड्या घालण्याचं यंत्र, चिकटवण्याचे दोष. एका सुईच्या इलेक्ट्रोस्पिनिंगमधून तासाला एखादा ग्रॅमही निघत नाही, आणि कारखान्यात चौरस मीटरमध्ये हिशेब चालतो. ही दरी कळायला कंपनी चांगली. अडचण अशी की मोजलेलं बरंच काही प्रकाशित करता येत नाही. दोन-तीन वर्षं काम करून मग पीएचडीला येणारे लोक बहुधा नेमका प्रश्न घेऊन येतात, त्यामुळे ही वाट मला आवडते. प्रक्रिया नियंत्रणाचं काम सर्वांत विस्तृत, पण तिथे धूळ, उष्णता आणि अवेळी बंद पडणारी यंत्रं यांची तयारी हवी. तिन्हीकडे आयएसओच्या तांत्रिक समिती १४२ ची (हवा आणि वायू स्वच्छ करणाऱ्या उपकरणांची समिती) मानकं रोज समोर येतील, ती मुळातून वाचून ठेवा.

सध्या हातात आहे त्या पडद्यापासूनच सुरुवात करा. किमान पाच वेगवेगळे तुकडे घ्या, एकाच तुकड्यावर पाच वेळा मोजू नका. प्रत्येकाचं वजन आणि जाडी नोंदवा. ५.३ सेंटिमीटर वेगाला ३० ते ५०० नॅनोमीटरमधलं पेनिट्रेशन आणि प्रेशर ड्रॉप मोजा, मग त्याच्या अर्ध्या आणि दुप्पट वेगाला. त्यानंतर अल्कोहोलच्या वाफेत ठेवून, सुकवून, पुन्हा तेच. उरलेल्या तुकड्यांवर प्रेशर ड्रॉप दुप्पट होईपर्यंत मीठ भरा आणि दर काही मिनिटांनी नोंद घ्या. उपकरणं जवळ नसतील तर चाचणी प्रयोगशाळेत थोडा वेळ मागून हे होऊ शकतं. निकाल पाच-सहा पानांत मांडा, अनिश्चितता प्रत्येक आकड्यासोबत लिहा, आणि अर्ज पीएचडीचा असो की नोकरीचा, तो अहवाल जोडा. मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्यावरच येतील, तेव्हा कच्ची रीडिंग्ज आणि रिकाम्या होल्डरच्या नोंदीही सोबत ठेवा.